नव्या नाट्यगृहात सरावाची एक खोली हवी: महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका,
आणि केशवराव भोसले नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीशी संबंधित सर्व अभियंते, वास्तुरचनाकार व रंगकर्मी

विषय: वाद्यवृंदाच्या व नाट्यसंस्थांच्या सरावासाठी स्वतंत्र खोली ठेवण्याबाबत

स.न.वि.वि.

आगीत जळालेल्या नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीबद्दल आपल्याकडे निवेदनांचा ढीग साचला असणार, याची कल्पना आहे. खुर्च्या कशा असाव्यात, ध्वनिव्यवस्था कोणती घ्यावी, भाडं किती ठेवावं, पार्किंगचं काय, यावर बोलणारे जाणकार गावात पुष्कळ आहेत आणि त्यांचं म्हणणं रास्तही आहे. माझी मागणी त्यात कुठं वाचनात आली नाही, म्हणून हे पत्र. नव्या वास्तूत, नाहीतर तिच्या आवारात, सरावासाठी एक खोली ठेवा. पंचवीस-तीस वाजवणारे आपापली वाद्यं घेऊन बसतील एवढी. ती तासाच्या हिशेबानं, परवडेल अशा भाड्यात, वर्षभर मिळू द्या.

इथंच सही करून थांबता आलं असतं. पण ‘सराव काय, घरी पण होतो की’ हे उत्तर मी बऱ्याच ठिकाणी ऐकलंय. तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

मी व्हायोलिन शिकवतो. माझ्याकडे शिकलेली एक मुलगी स्वतः संगीत लिहिते. गाण्याला चाल लावणं आपल्या ओळखीचं आहे. ती करते ते निराळं. शब्द नाहीत, गायक नाही. चार व्हायोलिन, दोन बासऱ्या, क्लॅरिनेट, पेटी, तबला, पखवाज आणि चेलोवाला मिळत नाही म्हणून त्या जागी कीबोर्ड, अशा मेळासाठी बारा-तेरा मिनिटांची रचना ती स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत, लिहून काढते, ज्याला त्याला त्याचा कागद देते आणि समोर उभी राहून वाजवून घेते. सुरुवात मधुवंती रागाच्या सुरांनी होते, मग त्यातला एक सूर हळूच जागा सोडतो आणि आपण कुठं येऊन पोचलो ते क्षणभर कळत नाही. मला तिचं सगळंच पटतं असं नाही. शेवटाकडं ती फार घाई करते. पण तिचं ऐकलेलं दुसऱ्या दिवशी डोक्यात घोळत राहतं, आणि हे मी फार थोड्यांबद्दल म्हणेन.

तिचे वडील शिरोलीच्या एका फौंड्रीत कामाला आहेत. एकदा क्लासवर आले, चपला दाराशी काढल्या आणि बसा म्हटलं तरी उभेच राहिले. म्हणाले, “सर, पोरगी करतीया ते चांगलंच असंल. पर ह्यात पुढं काय?”

गाण्याबद्दल विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर तयार होतं: विशारद, आकाशवाणीची ऑडिशन, मैफली, क्लास. तबल्याचंही तसंच. चांगल्या कीबोर्डवाल्याला तर कोल्हापुरात फुरसत मिळत नाही. पण संगीत लिहिणारा आणि ते चार जणांकडून वाजवून घेणारा माणूस कशावर जगतो, हे सांगायला मला आसपास कुणी दिसेना. मग मी त्यांना एका लांबच्या माणसाची हकीकत सांगितली. तीच आपल्यालाही सांगतो. सरावाच्या खोलीचा मुद्दा तिच्यातूनच निघतो.

एसा-पेक्का सालोनेन. १९५८ साली फिनलंडमध्ये हेलसिंकीत जन्मला. आज जगातल्या मोजक्या नामवंत कंडक्टरांमध्ये, म्हणजे वाद्यवृंदासमोर उभं राहून हाताच्या खुणांनी तो वाजवून घेणाऱ्यांमध्ये, त्याची गणना होते आणि संगीतकार म्हणूनही तेवढंच नाव आहे. “केवढा देश हाय त्यो?” असं मुलीच्या वडिलांनी मध्येच विचारलं. प्रश्न चांगला होता. फिनलंडची लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या आसपास. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत ३८ लाख ७६ हजार होती. म्हणजे कोल्हापूर आणि शेजारचा सांगली जिल्हा मिळून आपण त्या देशापेक्षा मोठे आहोत.

सालोनेन हेलसिंकीच्या सिबेलिअस अकादमीत शिकला तो फ्रेंच हॉर्न वाजवायला आणि संगीत लिहायला. त्याच्यासारखेच लिहिणारे काही मित्र होते, त्यांत माग्नुस लिंडबर्ग होता, काइया सारिआहो होती. १९७७ मध्ये या पोरांनी मिळून एक मंडळ काढलं आणि नाव ठेवलं ‘कोर्वात आउकी’, म्हणजे ‘कान उघडा’. पोरांनी काढलेल्या मंडळाला शोभणारंच नाव! अडचण एकच होती. यांनी लिहिलेलं अवघड, विचित्र संगीत बसवायला कोण वेळ देणार? नामांकित कंडक्टर या नवख्या पोरांच्या वाट्याला कशाला जातील? तेव्हा आपल्यातल्याच कुणीतरी कंडक्टिंग शिकून घ्यावं असं ठरलं आणि ते सालोनेनच्या गळ्यात पडलं. तो स्वतः नेहमी हेच सांगत आलाय की कंडक्टर होणं हे ध्येय नव्हतं, मित्रांचं आणि स्वतःचं संगीत वाजावं म्हणून तो त्या कामाला लागला.

सारिआहोबद्दल एक गोष्ट आमच्या मुलीसाठी इथं लिहून ठेवतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरानं १९०३ साली एका बाईनं रचलेला ऑपेरा, म्हणजे गाण्यातून उलगडणारं नाटक, केला होता. त्यानंतर दुसऱ्या बाईचा ऑपेरा तिथल्या रंगमंचावर यायला २०१६ साल उजाडावं लागलं, आणि तो या ‘कान उघडा’ मंडळातल्या सारिआहोचा होता. २०२३ मध्ये ती गेली.

आता वर्गाकडं येतो. सिबेलिअस अकादमीत कंडक्टिंग शिकवायला योर्मा पानुला नावाचे गुरुजी होते. कंडक्टिंग शिकणाऱ्या पोरांची सगळीकडे एक मोठी पंचाईत असते. व्हायोलिन शिकणाऱ्याकडे व्हायोलिन असतं, पण कंडक्टरचं वाद्य म्हणजे जिवंत माणसं, ती रोज कुठून आणायची? बहुतेक ठिकाणी पोरं आरशासमोर हात हलवत शिकतात, नाहीतर पियानोवर कुणीतरी वाजवतो त्याला हात दाखवतात. पानुलांनी हा प्रकारच बंद केला. त्यांच्या वर्गातच विद्यार्थ्यांचा छोटा वाद्यवृंद बसलेला असे. एकानं उभं राहायचं, बाकीच्यांनी वाजवायचं, मग पाळी बदलायची. उभ्या राहिलेल्याचं चित्रीकरण व्हायचं आणि नंतर ते बघत चर्चा. हात चुकला तर वाद्यवृंद तिथंच कोलमडतो, कुणाला समजावून सांगायची गरज पडत नाही. त्या वर्गातून सालोनेन निघाला, युक्का-पेक्का सरास्ते निघाला, पुढं साकारी ओरामो निघाला. एवढ्याशा देशानं जगभरच्या वाद्यवृंदांना कंडक्टर पुरवले, त्यामागं बरीच कारणं असतील. फिनलंडच्या सरकारनं गावोगावच्या संगीतशाळांना पैसे दिले हे एक मोठं कारण आहेच. पण वर्गातला तो वाद्यवृंद मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

१९८३ मध्ये लंडनच्या फिलहार्मोनिया वाद्यवृंदाचा कंडक्टर ऐनवेळी येऊ शकला नाही. कार्यक्रमात मालर या संगीतकाराची तिसरी सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, होती. दीड तासाच्या वरचं काम, अवाढव्य वाद्यवृंद, वर बायकांचा आणि मुलांचा कोरस. सालोनेन पंचवीस वर्षांचा होता आणि ही सिम्फनी त्याच्या हाताखालून कधी गेलेली नव्हती. थोड्या दिवसांत त्यानं स्वरलेख पाठ केल्यासारखा वाचून काढला आणि कार्यक्रम पार पाडला. दुसऱ्या दिवसापासून जगभरातून बोलावणी सुरू झाली. आधी स्वीडिश रेडिओचा वाद्यवृंद, मग १९९२ पासून लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक. तिथं तो २००९ पर्यंत राहिला.

इथवर ऐकून मुलीच्या वडिलांचा चेहरा खुलला होता. पण खरी ओढाताण याच्या पुढं आहे आणि ती मी त्यांच्यापासून लपवली नाही. कंडक्टरचं काम इतकं आलं की संगीत लिहायला वेळच उरेना. इतरांचं संगीत वाजवून नाव आणि पैसा. स्वतःचं लिहायचं तर रात्री, सुट्टीत, विमानात. पोटापाण्याचं एक आणि जिवाभावाचं दुसरं, ही रड आपल्याकडच्या प्रत्येक कलावंताची आहे, तिथंही तीच. शेवटी २००० साली त्यानं वाद्यवृंदाकडून चक्क वर्षभराची रजा घेतली, लिहिण्यासाठी. संस्थेनं ती दिली, हे लक्षात घ्यावं.

त्याचं लिहिणं पुन्हा बहराला आलं ते मात्र रजेच्या आधीच, १९९६ च्या सुमाराला, ‘एल.ए. व्हेरिएशन्स’ या रचनेनं. ती त्यानं लिहिली ती रोज ज्यांच्यासमोर उभा राहतो त्याच वाजवणाऱ्यांसाठी. कोणाचा हॉर्न वरच्या सप्तकात कसा लागतो, कोणत्या जागी व्हायोलिनवाले कुरकुरतील, कोणाला थोडं जास्त दिलं तर तो खुलेल, हे सगळं त्याला ठाऊक होतं. असं ज्ञान पुस्तकात मिळत नाही. २००९ मध्ये लॉस एंजेलिस सोडताना त्यानं व्हायोलिनवादक लैला जोसेफोविच हिच्यासाठी व्हायोलिन कन्चेर्टो, म्हणजे एकटं व्हायोलिन पुढं आणि वाद्यवृंद मागं अशी रचना, लिहिला. शेवटच्या भागाचं नावच ‘आद्यू’, निरोप. त्याला संगीतरचनेसाठीचा २०१२ चा ग्रॉमायर पुरस्कार मिळाला. मी स्वतः व्हायोलिनवाला असल्यानं तो कन्चेर्टो कान देऊन ऐकलाय. पहिल्या भागात एकटं व्हायोलिन जवळपास श्वास न घेता धावत असतं, आणि मागचा वाद्यवृंद त्याच्या सुरांचे तुकडे उचलून कुठं कुठं ठेवत जातो. वाजवणाऱ्यांच्या सहवासात वर्षानुवर्षं काढल्याशिवाय असा हिशेब जमत नाही.

आपल्या कामाशी नातं सांगणारी गोष्ट पुढची आहे. लॉस एंजेलिसचा वॉल्ट डिस्ने कन्सर्ट हॉल सालोनेनच्याच काळात उभा राहिला. लिलियन डिस्ने यांनी १९८७ मध्ये पाच कोटी डॉलर दिले आणि दार उघडलं २००३ मध्ये. सोळा वर्षं! (आपण फार मागं आहोत असं समजू नका.) फ्रँक गेरी यांनी वास्तू आखली, ध्वनितज्ज्ञ यासुहिसा टोयोटा यांनी तिचा नाद सांभाळला. सभागृह २,२६५ आसनांचं. उद्घाटनाच्या आधी वाद्यवृंद तिथं जाऊन सराव करत बसला, कारण नव्या वास्तूत आपला आवाज कसा परत येतो ते वाजवणाऱ्यांना वाजवूनच कळतं. आणि सालोनेननं त्या वास्तूसाठी ‘विंग ऑन विंग’ ही रचना लिहिली, तिच्यात गेरींच्या बोलण्याचा आवाजसुद्धा घेतला. वास्तुरचनाकार, कंडक्टर, वाजवणारे, सगळ्यांनी मिळून एक इमारत बोलती केली.

आणि याच माणसाचा २०२४ मधला प्रसंग. २०२० पासून तो सॅन फ्रान्सिस्को सिम्फनी या वाद्यवृंदाचा संगीत संचालक होता. मार्च २०२४ मध्ये त्यानं जाहीर केलं की मुदत संपली की आपण थांबणार, कारण संस्थेच्या भवितव्याबद्दल विश्वस्त मंडळाची आणि आपली उद्दिष्टं जुळत नाहीत. २०२५ मध्ये तो बाहेर पडला. एवढ्या मोठ्या कलावंताचंही काम शेवटी खर्चाची कात्री ज्यांच्या हातात आहे त्यांच्यापाशी अडलं. म्हणून मी हे पत्र संगीत संस्थांना न लिहिता आपल्याला लिहितोय.

परदेशची उदाहरणं कशाला, असं कुणी म्हणेल. ठीक. वनराज भाटिया घ्या. मुंबईचा माणूस, लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये आणि पॅरिसला संगीतशिक्षिका नादिया बुलांजे यांच्याकडे शिकून आला. परत आल्यावर काय केलं? जाहिरातींना चाली लावल्या, शेकड्यांनी. श्याम बेनेगलांच्या चित्रपटांना संगीत दिलं, तेही उत्तम. पण वाद्यवृंदासाठी आणि ऑपेरासाठी लिहिलेलं काम या देशात फार थोड्यांच्या कानावर पडलं. २०२१ मध्ये ते गेले. त्यांच्याकडे बुद्धी होती, तयारी होती, रोज वाजवणारी माणसं मात्र नव्हती. देशात पगारी, कायमस्वरूपी सिम्फनी वाद्यवृंद उभा राहिला तो २००६ मध्ये, मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात. तेव्हा भाटिया ऐंशीच्या घरात पोचले होते.

उलट उदाहरण मैहरचं. उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी त्या लहानशा संस्थानात अनाथ मुलं गोळा केली, वाद्यं शिकवली आणि वाद्यवृंद उभा केला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांचं ‘नलतरंग’ नावाचं वाद्यच बनवलं. मैहर हे काही कलकत्ता किंवा मुंबई नव्हे. पण राजानं आश्रय दिला, जागा दिली, आणि रोज समोर बसणारी मुलं होती.

आता कोल्हापूर. आमच्या गावाला याबाबतीत कुणाचा कित्ता गिरवायची गरज नव्हती, हीच माझी खरी तक्रार आहे. गोविंदराव टेंबे इथलेच. पेटीवादक, नट, लेखक आणि संगीतकार. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयानं कोल्हापुरात होते आणि त्यांच्या गायकीचा गोविंदरावांवर खोल ठसा. १९११ मध्ये ‘मानापमान’ नाटकाचं संगीत त्यांनी केलं. त्यांचं भाग्य असं की चाल बांधली की ती उद्या कोण गाणार, कोण वाजवणार, हा प्रश्न त्यांना पडत नसे. नाटक मंडळी पदरी, नट राहायलाच मंडळीत, पेटी-सारंगी-तबला हाताशी. सकाळी बांधलेली जागा संध्याकाळी ऐकून बघता यायची, नाही बसली तर बदलता यायची.

पुढं १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली तीही कोल्हापुरात. मराठीतला पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ चा, इथं तयार झाला, आणि संगीत गोविंदरावांचंच. शिवाय हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. नट कॅमेऱ्यापुढं गायचा आणि वाजवणारे चौकटीबाहेर बसून त्याच क्षणी वाजवायचे. म्हणजे संगीतकाराला रचना करून मोकळं होता येत नव्हतं, सगळा मेळ जागेवर जुळवून घ्यावा लागे. सालोनेननं १९७७ नंतर जे धडपडून मिळवलं, ते गोविंदरावांना या गावात त्याच्या पंचेचाळीस वर्षं आधी मिळत होतं. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. नाटक मंडळ्या एकेक करून मोडल्या. गायक राहिले, वादक राहिले. एकत्र बसण्याची जागा गेली.

आजची स्थिती जवळून सांगतो. आमच्या मुलीच्या मेळातला क्लॅरिनेटवाला लग्नाच्या बँडमधला आहे. फुंकर अशी की ऐकत राहावं. पण लग्नतिथी असली की तो येऊ शकत नाही, त्यामुळं सरावाचा दिवस पंचांग बघून ठरतो. पहिल्या सरावाला तिनं त्याच्या हातात कागद दिला. तिनं सगळं पांढरी एक (पेटीची पहिली पांढरी पट्टी) हा सा धरून लिहिलेलं. त्यानं फुंकलं आणि पेटीवाला हात काढून बसला, कारण क्लॅरिनेटवर कागदावरचा सा वाजला तेव्हा पेटीवर काळी पाच ऐकू येत होती. बी फ्लॅटचं क्लॅरिनेट असतंच तसं, कागदावर लिहिलेल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली बोलतं. त्याच्यासाठी म्हणून सगळं एक स्वर चढवून लिहावं लागतं. तिला हे पुस्तकातून माहीत होतं, पण क्लॅरिनेट कुठलं येणार हे माहीत नव्हतं. तो हसून म्हणाला, “ताई, आमी कानानं वाजवतो, कागद बाजूला ठिवा.” आणि खरंच ऐकून वाजवलं. ती मात्र बसून राहिली, सगळं पान पुन्हा लिहून काढलं, आणि लिहिताना तिच्या ध्यानात आलं की क्लॅरिनेटचा खालचा, घोगरा भाग आपण वापरलाच नाही. रचनेतला आत्ता सगळ्यांत सुंदर असलेला तुकडा त्या दिवशी सुचला. घरी बसून तो सुचला नसता.

हा सराव कुठं झाला? एका कार्यालयाच्या हॉलमध्ये. व्यवस्थापकांनी भाडं सांगितलं ते लग्नाचं. वाटाघाटी करून दोन तास मिळाले आणि त्यातला अर्धा तास खुर्च्या सरकवण्यात गेला. फरशी, काचा, उघड्या भिंती, पखवाजाची थाप पडली की ती तीन वेळा परत यायची. व्हायोलिनवाल्यांना स्वतःचं वाजवणं ऐकू येईना. नंतर एका मित्राच्या गोदामात जमलो, एकदा शाळेच्या वर्गात बाकांवर. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या संस्थांना विचारा, त्यांचीही हीच कथा आहे. गच्चीवर, वर्गात, कुणाच्या तरी दिवाणखान्यात नाटकं बसतात आणि स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा रंगमंचाची मापं कळतात.

शाहू महाराजांनी नाट्यगृह आणि खासबाग मैदान शेजारी शेजारी बांधलं, हे आपण अभिमानानं सांगतो. पण महाराज नुसतं मैदान बांधून थांबले नाहीत. पेठापेठांतल्या तालमींना त्यांनी बळ दिलं. मैदान वर्षातून थोडे दिवस भरतं. पैलवान घडतो तालमीत, रोज पहाटे, जोडीदाराबरोबर जोर करून. नाट्यगृहाच्या बाबतीत आपण मैदान बांधलं आणि तालीम विसरलो. १९१५ साली हे चाललं, कारण तालमीची सोय मंडळ्या स्वतः करायच्या. आता मंडळ्या नाहीत.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवराव भोसल्यांची जयंती होती. त्या रात्रीबद्दल सगळ्यांनी भरपूर लिहिलंय, मी त्यात भर घालत नाही. व्यवहाराचं बोलतो. बांधकाम पुन्हा होतच आहे, तेव्हा खोलीचा खर्च आत्ता थोडक्यात भागेल, मागाहून भिंती फोडून करायला गेलं की तिप्पट होईल.

खोली कशी असावी, हे सांगतो. जाणकारांनी दुरुस्ती करावी. सातशे-आठशे चौरस फूट पुरेत, पण छत उंच हवं, चौदा फुटांच्या खाली नको. समोरासमोरच्या भिंती सपाट आणि उघड्या ठेवू नका, आवाज त्यांच्यात चेंडूसारखा खेळतो. सगळीकडं गालिचा आणि फोम चिकटवून आवाज मारूनही टाकू नका, ही चूक हौसेनं केली जाते. दाराला दुहेरी पल्ला, म्हणजे रंगमंचावर प्रयोग चालू असताना आत सराव करता येईल. येण्याजाण्याची वाट वेगळी. एक कपाट, त्यात घडीचे नोटेशन-स्टँड, साध्या, हात नसलेल्या खुर्च्या (हात असलेल्या खुर्चीत बसून व्हायोलिन वाजवून दाखवा, मी पत्र मागं घेतो). एसी असेल तर घरघर न करणारा, नाहीतर पंखे आणि खिडक्या बऱ्या.

शिवाय रंगमंचापुढं, जिथं संगीत नाटकात ऑर्गन आणि तबला बसायचा, तिथं वीस वादक मावतील अशी, हवी तेव्हा झाकता येणारी जागा ठेवता आली तर पाहावी. संगीत नाटकवाल्यांनाही तिचा उपयोग होईल. ही मागणी दुय्यम आहे. पैसे कमी पडले तर ही सोडा, खोली सोडू नका.

पैशाचं एक. महापालिकेला जमलं तर वर्षाला एका नव्या रचनेचं काम स्थानिक संगीतकाराला द्यावं. लिहिणाऱ्याला मानधन आणि वाजवणाऱ्यांना सरावाची बिदागी, प्रयोगाची तर द्यावीच. आपल्याकडे सराव फुकट धरतात. क्लॅरिनेटवाला एक तिथी सोडून येतो तेव्हा त्याच्या घरी चूल त्या दिवशी कशावर पेटणार, हे कुणी विचारत नाही. आणि रचना दोनदा वाजवून घ्या. पहिल्या प्रयोगाला पाहुणे येतात, सत्कार होतो, शाल-श्रीफळ होतं, फोटो छापून येतो. संगीतकाराला खरी गरज असते दुसऱ्या प्रयोगाची, पहिल्यात काय फसलं ते सुधारून ऐकण्याची. कृपा करून स्पर्धा मात्र ठेवू नका. स्पर्धा ठेवली की परीक्षक येतात, परीक्षकांची निवड येते, मग त्यावर वाद येतात, आणि संगीत बाजूला राहतं.

खोली कुणा एकाच्या ताब्यात जाईल, ही भीती खरी आहे. म्हणून ती कुठल्याही संस्थेला, माझ्या क्लाससकट, कायमची देऊ नका. नोंदवही ठेवा, पहिला येईल त्याला, एका गटाला आठवड्यात ठरावीक तासांपेक्षा जास्त नाही. सकाळच्या वेळा विद्यार्थ्यांना कमी दरात. नाटकवाले, गाण्याचे क्लास, बँडवाले, भजनी मंडळ, सगळ्यांना खुली. बँडवाल्यांना विशेष करून. या गावात सुरेल फुंकणारी माणसं त्यांच्याकडं सगळ्यांत जास्त आहेत आणि त्यांना आपण वरातीपलीकडं कधी बोलावलं नाही.

मुलीच्या वडिलांना मी शेवटी काय सांगितलं, तेही कळवतो. सांगितलं की तुमच्या मुलीला पुढं काय मिळेल याची हमी मी देऊ शकत नाही, जगात कुणीच देत नाही. सालोनेनला दोन नोकऱ्या कराव्या लागल्या, वनराज भाटियांनी जाहिराती केल्या. ही शिकवेल, चित्रपटांचं ॲरेंजिंग करेल, पुण्या-मुंबईला जाईल-येईल. पण जे लिहिते ते आठवड्यातून एकदा वाजवून बघायला मिळालं तर चार-पाच वर्षांत ती कुठल्या कुठं जाईल, आणि नाही मिळालं तर आत्ता आहे तिथंच राहील. ते म्हणाले, “मग जागंचंच काम हाय की हे.” फौंड्रीतला माणूस, साचा नाही तर ओतकाम नाही हे त्याला सांगावं लागत नाही.

आराखडा अजून बदलता येण्याजोगा असेल तर भेटीची वेळ द्यावी. मुलगी तिचे कागद घेऊन येईल, मी खोलीचं रेखाटन आणीन, नाट्यसंस्थांपैकी दोघं-तिघं यायला तयार आहेत. क्लॅरिनेटवाल्यालाही आणायचं मनात आहे. तेवढं लग्नाची तिथी नसलेला दिवस बघून कळवावं.

कळावे,
आपला,
एक व्हायोलिन शिक्षक
मंगळवार पेठ, कोल्हापूर